नमुना क्रमांक सात

सोमवार, १९ नोव्हेंबर १९८४

साइटच्या वहीत फक्त काम लिहायचं असतं. बाकीचं कुठेतरी लिहावं, म्हणून ही वही.

दिंडोशीच्या इमारतीची पश्चिमेची भिंत आज मला मिळाली. अंधेरीच्या ऑफिसात कीर साहेबांनी नकाशा माझ्याकडे सरकवला आणि म्हणाले, "मालन, एवढं तू बघ. जिन्याच्या खिडक्या आहेत फक्त, बिघडवण्यासारखं काही नाही." तळमजला अधिक सात मजले. उंची चोवीस मीटर, रुंदी अकरा. हायवेवरून जाणाऱ्याला हीच बाजू आधी दिसणार. साहेबांच्या ते लक्षात आलेलं नसावं. मी आणून दिलं नाही.

गेले दोन रविवार मी गोरेगाव ते मालाड पायी फिरून एकतीस इमारती पाहिल्या. सगळ्यांना सिमेंट पेंट, क्रीम किंवा फिकट गुलाबी. दोन पावसाळे काढलेल्या एकवीस इमारती आहेत. एकवीसच्या एकवीस पश्चिमेला काळ्या. काळे ओघळ नेमके खिडकीच्या दोन कोपऱ्यांखाली. पाणी कुठून येतं ते भिंत स्वतःच दाखवते, आणि लोक तिच्यावर पुन्हा क्रीम रंग लावतात.

माझा विचार असा: रंग लावायचाच नाही. रंग गिलाव्यातच असेल. लाल दगडाची बारीक खडी, थोडी काळी, सिमेंटमध्ये मिसळून थापायची, आणि गिलावा पुरता घट्ट व्हायच्या आत पाण्याने ब्रश मारून खडी उघडी करायची. भिंत खरखरीत राहते, पाणी एका रेषेत धावत नाही. दर साठ सेंटिमीटरला आडवी खाच, प्रत्येक खिडकीखाली पाणी तोडणारी वेगळी खाच.

साहेब म्हणाले, "लाल?"

मी म्हणाले, "लाल."

"सोसायटीनं पास केलं तर."


गुरुवार, २९ नोव्हेंबर

इग्नेशियस मिस्त्रींनी नऊ नमुने करून दिले. वीतभर चौकोनी फरश्या, मागे खिळ्याने कोरलेले आकडे. मिस्त्री मढचे, पन्नाशीचे, बोलायला फटकळ. मी प्रत्येक फरशी थापल्याची आणि धुतल्याची वेळ लिहीत होते. दोन तास चाळीस मिनिटांनी धुवा, असं सांगितलं. त्यांनी दोन तास दहा मिनिटांनी अंगठा दाबून पाहिला आणि धुवायला घेतलं.

"अजून अर्धा तास आहे," मी म्हणाले.

"बाय, घड्याळ तुझ्या हातात ऱ्हाऊ दे. भिंत घड्याळ घालत नाय."

शिस्तीचा प्रश्न आहे. पण खडी सुटली नाही, हेही लिहायला हवं. दोन तास चाळीसने धुतलेल्या फरशीवर सिमेंटचा पांढुरका थर राहिला. तक्ता दुरुस्त केला.

नमुने कांदिवलीला घरी आणले. रात्री ट्यूबखाली टेबलावर मांडून पाहिले. चार क्रमांक बरोबर वाटतो, शांत विटकरी.


मंगळवार, ४ डिसेंबर

संध्याकाळी आले तर नमुने टेबलावर नाहीत. चार आणि सात गॅलरीच्या कट्ट्यावर, अर्धे ओले. बाकीचे पलंगाखाली. मी आईला विचारलं, तिने बाबांकडे पाहिलं. बाबा वर्तमानपत्र वाचत होते. मी सगळे पुसून क्रमाने जागेवर ठेवले.

बाबा सव्वीस वर्षं गिरणीच्या रंगखात्यात होते. संप सुरू झाला तेव्हापासून, म्हणजे जवळजवळ तीन वर्षं, घरी आहेत. पहिल्या वर्षी त्यांच्या नखांच्या कडा निळ्या होत्या. आता नखं स्वच्छ आहेत. ते अधूनमधून नखांकडे बघत बसतात. रिकामा वेळ माणसाला हात लावू नये त्या गोष्टींना हात लावायला लावतो, एवढंच याचं कारण.


रविवार, ९ डिसेंबर

सात क्रमांक पुन्हा गॅलरीत. आज पाचव्यांदा. मी उचलायला गेले. दुपारचे चार वाजले होते, ऊन थेट कट्ट्यावर. शेजारी चार क्रमांक. टेबलावर शांत दिसणारा चार उन्हात डोळ्यांत घुसत होता. सात, त्यात काळी खडी जास्त असल्याने, लाल असूनही थांबत होता. दुसरा शब्द सुचत नाही.

सात क्रमांक नक्की केला. प्रत्यक्ष उन्हात पाहून केलेला निर्णय आहे. निर्णय माझा.

बाबांना सांगितलं की शनिवारी सोसायटीच्या समितीपुढे नमुना ठेवणार आहे.

"मीटिंग दिवसाची ठेव गो," ते म्हणाले.

"लोक ड्यूटीवरून साडेसातला येतात, बाबा."

त्यांनी वर्तमानपत्र उचललं.


शनिवार, १५ डिसेंबर

नमुना पास झाला. मीटिंग इमारतीच्या तळमजल्यावर, खांबांना बांधलेल्या दोन ट्यूबलाइटखाली. सेक्रेटरी चंद्रप्रकाश तळेकर टेलिफोन खात्यात आहेत. त्यांनी फरशी हातात घेऊन उलटसुलट केली. "चहाचा रंग. चांगला आहे, मळखाऊ." सगळ्यांनी माना हलवल्या. इतिवृत्तात नोंद झाली: नमुना क्रमांक सात, एकमताने.

माझी अपेक्षा विरोधाची होती. तयार केलेली अकरा उत्तरं वापरावी लागली नाहीत.


मंगळवार, १२ फेब्रुवारी १९८५

वरून खाली काम चाललं आहे. आज सातवा मजला संपला. बांबूच्या परांचीमुळे आणि तिच्यावर टाकलेल्या गोणपाटामुळे खालून काही दिसत नाही. हाताने मात्र कळतं. तळवा फिरवला की खरखर एकसारखी लागते.

मिस्त्री हल्ली वेळ मला विचारतात, आणि मी "झाली" म्हणण्याआधीच अंगठा दाबतात. त्यांचा अंगठा आणि माझा तक्ता यांत आता सरासरी सहा मिनिटांचा फरक आहे.


मंगळवार, २६ फेब्रुवारी

सहाव्या मजल्यावरच्या मिश्रणात काळी खडी दर घमेल्यामागे मूठभर जास्त आढळली. मिस्त्रींना जाब विचारला.

"वर ऊन जास्त खाते भिंत. खालच्यासारखं मिश्रण ठेवलं तर वर भडक दिसेल."

"हे तुम्हाला कोणी सांगितलं?"

"समोर वाळूच्या ढिगावर एक म्हातारा बसतो रोज दुपारचा, तू जेवायला गेलीस की. ओलं फडकं घेऊन येतो, भिंतीला लावून बघतो, परत ढिगावर. त्यानं सांगितलं."

"साइटवर बाहेरच्या माणसाचं ऐकायचं नाही."

"बाय, तो बाहेरचा वाटत नाय."

मी ढिगाकडे गेले. कोणी नव्हतं. वर्तमानपत्राची घडी होती आणि वाळत टाकलेलं फडकं. कोणी निवृत्त गवंडी असावा. तरी परांचीवर चढून सहावा आणि सातवा ताडून पाहिला. मूठभर जास्त बरोबर आहे. वरच्या तीन मजल्यांसाठी तक्त्यात तसा बदल केला. सातवा झाला आहे, त्याचं कसं, असं विचारल्यावर मिस्त्री म्हणाले, "त्यातही घातली होती. तुला दिसली नाय." हे गंभीर आहे. पण भिंत बरोबर आहे.

घरी आई खुशीत होती. "हे दुपारचे खंय जातत देव जाणे. पण येऊन दोन भाकऱ्ये खातत."

चालणं प्रकृतीला चांगलं.


गुरुवार, १८ एप्रिल

गोणपाट काढलं. परांची अजून आहे, पण भिंत दिसते. तीन वाजता तळेकर चार सभासद घेऊन आले. मी चौथ्या मजल्यावर होते. त्यांचा आवाज तिथपर्यंत आला.

"मॅडम, खाली या! आम्ही चहा पास केला होता. तुम्ही तर मिरची कांडून फासलीत!"

खाली गेले. एक सभासद म्हणाले, "पाहुण्याला पत्ता सांगायला सोपं. फायर ब्रिगेड विचारा आणि आत शिरा." बाकीचे हसले. तळेकर हसले नाहीत.

मी सात क्रमांकाची फरशी भिंतीला लावून दाखवली. तोच रंग. तळेकर म्हणाले, "फरशी बदललीत." मी मागचा खिळ्याने कोरलेला सात दाखवला. ते म्हणाले, "आकडा काय, कोणीही कोरेल."

संध्याकाळपर्यंत कारण लक्षात आलं. ट्यूबच्या उजेडात लाल मरतो. म्हणूनच नोव्हेंबरात मला चार शांत वाटला होता. गॅलरीत उन्हात तो उघडा पडला. हे स्वतः पाहून सहाच दिवस झाले होते आणि मी सात क्रमांक ट्यूबखाली नेऊन ठेवला. भिंतीत चूक नाही. दाखवण्यात आहे, आणि ती माझी.

"मीटिंग दिवसाची ठेव गो." ते आठवलं. लिहून ठेवते, त्यावर आणखी काही नाही.


शुक्रवार, १९ एप्रिल

कीर साहेबांनी बोलावलं. दार लावून घ्यायला सांगितलं.

"सोमवारी रंगारी येतील. क्रीमचे दोन हात. आणि समितीला आपण सांगू की मिस्त्रीनं वाजवीपेक्षा जास्त धुतलं, त्यामुळे लाल खडी उघडी पडली."

"मिस्त्रींनी प्रत्येक पट्टा वेळेवर धुतला. माझ्याकडे वेळा आहेत."

"तुझ्या वेळा कोणी वाचत नाही, मालन. मिस्त्री उद्या दुसरीकडे काम करेल. तुला याच ऑफिसात काम करायचंय."

"खरखरीत भिंतीवर पेंट लावला तर तो खाचांत साचेल. दोन पावसाळ्यांत सोलून निघेल, आणि खाली खडीही काळी पडेल. मग ना क्रीम ना लाल."

"दोन पावसाळ्यांनंतर आपण तिथे नसू."

मी दार उघडून बाहेर आले. हात थंड पडले होते. राग आला की माझं असं होतं; इतरांचं उलट होतं म्हणतात.

रंगाऱ्यांना परांची लागते. परांची कधी उतरवायची ही लेखी सूचना साइटवर मी देते. सोमवारसाठी ती ठेवा, असं साहेबांनी लेखी दिलेलं नाही. लेखी नाही ती सूचनाच नाही, हे माझ्या पहिल्या दिवशी त्यांनीच शिकवलं होतं.


रविवार, २१ एप्रिल

काल सकाळी सात वाजता साइटच्या वहीत लिहिलं: "पश्चिम बाजूचं काम नकाशाप्रमाणे पूर्ण. परांची आजच उतरवावी." खाली पूर्ण सही. आद्याक्षरं नाहीत.

काँट्रॅक्टरला सगळे भाऊ म्हणतात. त्यांना बांबू मुलुंडच्या कामाला हवेच होते. तरी त्यांनी वही वाचून माझ्याकडे पाहिलं. "मॅडम, साहेबांना विचारलंत?"

"सही माझी आहे."

"ते दिसतंय. म्हणूनच विचारतो. उतरवली की मी परत बांधणार नाय हां, पावसाच्या तोंडावर."

"तेच हवंय."

भाऊ हसले आणि माणसांना हाक मारली. काल सहा मजले, आज उरलेले. बांबूंची भोकं मिस्त्री उतरता उतरता स्वतः बुजवत आले, त्याच खडीने. आज साडेचारला शेवटचा बांबू ट्रकमध्ये गेला.

मी हायवेपलीकडे जाऊन उभी राहिले. भिंत पहिल्यांदा पूर्ण पाहिली. एकोणचाळीस आडव्या खाचा, प्रत्येकीत सावलीची एक रेघ. वरपासून खालपर्यंत एकच लाल. वरच्या मजल्यांची मूठभर काळी खडी कुठेही कळत नाही.

मला ती आवडली. हे इथेच लिहिते.


शनिवार, २७ एप्रिल

सोमवारी रंगारी आले आणि परत गेले. साहेब आठवडाभर मला सगळं लेखी कळवत होते. आज सहा वाजता सोसायटीची खास मीटिंग. तळमजला, त्याच दोन ट्यूब, साठेक माणसं. एकच विषय: पुन्हा परांची बांधून भिंत रंगवायची का.

तळेकर म्हणाले, "आधी हे सांगा, हा रंग कोणी ठरवला?"

साहेबांनी माझ्याकडे पाहिलं आणि मग खांबाला टेकलेल्या इग्नेशियस मिस्त्रींकडे. मिस्त्रींचं नाव घ्यायला वेळ पुरेसा दिला त्यांनी मला.

"मी ठरवला," मी म्हणाले. "मिस्त्रींचं काम मी सांगितल्यापेक्षा चांगलं आहे. नमुना तोच आहे. मी तो रात्री ट्यूबखाली दाखवला ही चूक माझी. भिंतीची नाही, आणि भिंत मी रंगवू देणार नाही."

"देणार नाही म्हणजे? भिंत कोणाची?"

"तुमची. म्हणूनच."

आरडाओरडा झाला. कोणीतरी "फसवणूक" म्हणालं. तेवढ्यात मागून आवाज आला.

"फसवणूक नाय. फरशी हयसर आणा."

बाबा होते. लग्नकार्याला घालतात तो पांढरा शर्ट, इस्त्री केलेला. ते गर्दीतून पुढे आले, टेबलावरची फरशी उचलली, ट्यूबखाली धरली. "ही तुमची चाय. बघून घेवा." मग सरळ बाहेर उन्हात गेले. माणसं मागोमाग. त्यांनी फरशी भिंतीशी धरली. "आणि ह्यो भिंतीचो रंग. फरशी बदललंय काय मी? तुमच्या डोळ्यांसमोर चललंय." मग नळाखालचा मग उचलून फरशीच्या अर्ध्या भागावर पाणी ओतलं. ओला भाग गडद तपकिरी झाला. "पावसात परत चाय."

कोणीतरी म्हणालं, "म्हणजे चार महिने चहा, आठ महिने मिरची!" आणि लोक हसले. या वेळचं हसणं वेगळं होतं.

तळेकरांनी विचारलं, "तुम्ही कोण?"

"रंगखात्यातलो," बाबा म्हणाले. आणखी काही सांगितलं नाही. मीही नाही.

मिस्त्री माझ्या बाजूला येऊन हळूच म्हणाले, "बाय, हाच तो म्हातारा. ढिगावरचा."

"माहीत आहे," मी म्हणाले.

माहीत नव्हतं.

ठराव: पावसाळा संपेपर्यंत भिंत आहे तशी ठेवावी, दिवाळीपूर्वी पुन्हा विचार व्हावा. जिंकले असं म्हणता येणार नाही. पण बांबू मुलुंडला गेले आहेत.

घरी बाबा आणि मी वेगवेगळ्या बसने आलो. ते तिथे का येत होते, हे मी विचारलं नाही. आईने दोघांना एकदम वाढलं.


सोमवार, २९ एप्रिल

साहेबांनी दिलगिरीचं पत्र मागितलं. मी पत्र दिलं. त्यात दोन वाक्यं: "नमुना दाखवताना उजेडाची निवड चुकली, ती जबाबदारी माझी. परांची उतरवण्याची सूचना विचारपूर्वक दिली होती, आणि तीच परिस्थिती आली तर पुन्हा देईन."

साहेब म्हणाले, "हे दिलगिरीचं पत्र नाही."

"नाही," मी म्हणाले.

ड्रॉइंगच्या पेन्सिली माझ्या होत्या, त्या घेतल्या. तक्ता साइटचा होता. त्याची नक्कल इग्नेशियस मिस्त्रींना देऊन आले. ते म्हणाले, "मला वाचता येत नाय, बाय." मी म्हणाले, ठेवा. त्यांनी घडी घालून शर्टाच्या खिशात ठेवली.


रविवार, १३ ऑक्टोबर

जूनपासून घाटकोपरला एका लहान ऑफिसात आहे. दोन टेबलं, एक पंखा. मधल्या काळात या वहीत लिहिण्यासारखं काही झालं नाही.

आज सकाळी मी यादी काढली तेव्हा बाबा चपला घालून दारात उभे होते. बोलावलं नव्हतं. दोघं गोरेगाव ते मालाड फिरलो. एकतीसपैकी सव्वीस इमारती पश्चिमेला काळ्या. मी आकडे सांगितले, बाबांनी लिहिले. त्यांचा पाच वाचायला अवघड असतो.

शेवटी दिंडोशी. बाकीच्या तीन भिंती एप्रिलमध्ये क्रीम होत्या. आता प्रत्येक खिडकीखाली दोन दोन काळ्या मिशा. पश्चिमेची भिंत लाल. एक ओघळ आहे, पाचव्या मजल्याच्या खिडकीखाली. तिथली पाणी तोडणारी खाच गिलाव्याने भरून गेली होती, ते मी तपासलं नव्हतं. तो बाबांनी आधी पाहिला आणि बोटाने दाखवला. यादीत लिहिला.

रिक्षावाले त्या थांब्याला मिरची बिल्डिंग म्हणतात, असं कळलं.

तळेकरांनी वरून पाहिलं आणि लगबगीने खाली आले. भिंतीच्या पुनर्विचाराबद्दल ते काही बोलले नाहीत. "बरं झालं मॅडम भेटलात. बाकीच्या तीन बाजूंना दिवाळीपूर्वी रंग लावायचाय. क्रीमच ठरलाय, पण कुठला क्रीम, तेवढा नंबर लिहून द्या."

"नाही," मी म्हणाले.

"अहो, फक्त नंबर."

"नाही. आधी खिडक्यांखाली खाचा मारा. मग गिलाव्याचं बोलू. नमुना दुपारी तीनला, बाहेर, भिंतीवर बघायचा."

तळेकर बाबांकडे वळले. "तुम्ही तरी समजवा, रंगखातेवाले. तुम्हाला कळतं त्यातलं."

बाबांनी यादीची घडी घातली. "तां माझा चेडू असा," ते म्हणाले. "तेचा नाय म्हणजे नाय."

"तुमची मुलगी?" तळेकरांनी एकदा त्यांच्याकडे, एकदा माझ्याकडे पाहिलं. मी भिंतीकडे पाहिलं. ऊन तिरपं झालं होतं आणि सगळ्या खाचा दिसत होत्या.

घरी आले तेव्हा सात क्रमांक गॅलरीच्या कट्ट्यावर होता, कोरडा. आजपर्यंत मी तो दर वेळी उचलून आत ठेवला आहे. आज तांब्यातलं पाणी त्याच्या अर्ध्या भागावर ओतलं, आणि तिथेच राहू दिला.